पंचमीचं ताट

लातूर
३० जुलै २००१

साखरे,

फोन केला की तुझे मास्तर उचलतात आणि "ती आंघोळीला गेलीय" म्हणतात. सकाळी केला तरी आंघोळ, दुपारी केला तरी आंघोळ. उमरीला एवढं पाणी कुठून आलं गं? आमच्या लातुरात आठवड्यातून एकदा नळ येतो आणि तेवढं हौदात साठवून अख्ख्या मेसचा स्वयंपाक रेटावा लागतो. म्हणून शेवटी पत्र लिहायला बसले. तुझी आंघोळ होईपर्यंत पत्र थांबू शकतं.

राग आलाय. तो आधी सांगते, बाकीचं मग.

आई-अण्णा गेल्यावर आपण ठरवलं होतं ना, दर पंचमीला तू माझ्याकडे यायचंस, मोठ्या बहिणीचं घर तेच माहेर? मी पुरणाचे दिंड उकडून ठेवले होते. मेंदी भिजवली होती. तुझे दाजी डाळ मिलवरून अर्धी सुट्टी काढून तुला घ्यायला स्टँडवर आले. जन्मात कधी सुट्टी न काढणारा माणूस. आणि पंगत बसली तेव्हा तू पिशवीतून स्वतःचं ताट काढलंस. मग स्वतःचा पेला.

"हे कशाला गं?" मी विचारलं.

"असू दे अक्का. सवय हाय."

"कसली सवय? लहानपणी एका ताटात जेवलो की आपण."

"न्हाई म्हणलं ना."

बरं, म्हटलं, मास्तरीणबाईंचे काही नवे नेम असतील. इतक्या उकाड्यात कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं घालून आली होतीस, त्यावरही मी काही बोलले नाही. पण मेंदी लावायला तुझा हात धरायला गेले, तर विस्तव लागल्यासारखा मागे घेतलास. चार वाजेपर्यंत थांबली नाहीस. "गाडी चुकंल" म्हणालीस आणि गेलीस.

पंचमीच्या लाह्या घेऊन मेसच्या पोरांच्या आया आल्या होत्या त्या दिवशी. मुरुडच्या पोराची आई तुझ्या समोरच बसली होती. तिने तुझ्या ताटाकडे पाहिलं आणि मग माझ्या कोपराकडे पाहिलं. तिला काही विचारायची गरज पडली नाही.

माझ्या कोपरावर एक चट्टा आहे, हे मला ठाऊक आहे. तू त्याला भ्यालीस हेही मला कळलं. पण तोंडाने बोलली असतीस तर मी बाही खाली ओढली असती. चारचौघींत ताट काढायचं नव्हतं.

घाईत पेला विसरून गेलीस. फडताळात पालथा ठेवला आहे. मी तो वापरणार नाही आणि पाठवणारही नाही.

तुझी अक्का
गुरम्मा

लातूर
३० सप्टेंबर २००१

साखरे,

उत्तर नाही. ठीक आहे. आजची तारीख पाहिलीस का? आज आठ वर्षं झाली. लोक म्हणतात भूकंप विसरावा. माझं कोपर विसरू देत नाही.

आज सकाळपासून तुझीच आठवण येते आहे आणि त्याचाही राग येतोय. भिंत पडली, कोपर तिच्याखाली सापडलं, हे सगळ्या गावाने पाहिलं. पण दुसऱ्या दिवशी तू उमरीहून मदतीच्या ट्रकमध्ये बसून आलीस, ते फक्त मी पाहिलं. माझा एक हात बांधलेला होता, दुसऱ्याला माती. तू दहीभात कालवलास आणि मला भरवलंस. शेजारच्या बायका आपल्या माणसांना शोधत रडत होत्या आणि मी लहान पोरीसारखी आ करून बसले होते. त्या घासावर मी पुन्हा उभी राहिले. पत्र्याच्या शेडमध्ये मदतीला आलेल्या लोकांसाठी भाकरी थापू लागले, आणि तेच हात घेऊन लातुरात आले. इथे शिकवणीचे वर्ग असे उगवत होते की गल्लीत डॉक्टर व्हायला निघालेली पोरं जास्त आणि त्यांना जेवू घालणारे कमी. त्यातून मेस उभी राहिली. "गुरम्माकाकूच्या हातची भाकरी" म्हणून परभणी-अहमदपूरची पोरं पत्ता विचारत येतात.

येत होती, असं म्हणायला हवं. अर्धी पंगत उठली. मुरुडच्या बाईंनी आपलं पोर दुसरीकडे नेलं आणि जाताना कुणाला काही वाईट बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सख्खी बहीण यांच्या ताटात जेवत न्हाई." बाकी काम त्या एका वाक्याने केलं. आता मी पूर्ण बाह्यांचं पोलकं घालते, पीठ मळत नाही, भाकरीला हात लावत नाही. दाजी भाकरी थापतात. कर्नाटकाचा नकाशा पाहिला आहेस ना? तशी होते. पोरं गुपचूप खातात, पण माझ्याकडे बघत नाहीत.

चट्ट्याचं म्हणशील तर गेल्या वर्षी हौदाच्या काठावर हेच कोपर खरचटलं होतं. आधी दाण्याएवढी पुळी आली, मग तांबूस चकंदळ पसरलं, त्यावर खपली आणि कडेने बारीक फोड. मी म्हटलं, भूकंपाची जखम उलटली असेल. तो हात पावसाळ्यात ठणकतोच, म्हणून वर्षभर तिकडे बघितलंच नाही. मेडिकलवाल्याने इसबाची ट्यूब दिली. लावली की चार दिवस गुण, सोडली की दुप्पट. एका डॉक्टरांनी नायटा म्हणून गोळ्या दिल्या. एका वैद्याने लेप दिला, त्याच्या वासाने मांजरसुद्धा घरातून गेलं. कशाचाच उपयोग झाला नाही. आता गल्लीतल्या बायका तो शब्द पुटपुटतात, जो आपल्या घरात आत्यासाठी होता. महारोग.

आत्या आठवते तुला? तुला न आठवून कसं चालेल. शेतातल्या आखाड्यावर तिला एकटीला ठेवलं होतं. तिचं जर्मनचं ताट घेऊन आपण दोघी जायचो. मी बांधावर थांबायचे, भित्री होते. तू सरळ तिच्या खोपीत जायचीस. तिच्याशी गप्पा मारत बसायचीस. एकदा अज्जीने पाहिलं आणि तुला राखेने घासून काढलं, मारलं. तरी दुसऱ्या दिवशी तू गेलीसच.

ती पोरगी कुठे गेली, साखरे? आत्याच्या मांडीला मांडी लावून बसणारी तू, आणि माझा हात तुला चालत नाही?

रात्री झोप येत नाही. मेस गेली तर पोटाचं बघू, दाजींची मिल आहे. पण कुणाला तरी गरम भाकरी वाढल्याशिवाय मला माणसात असल्यासारखं वाटत नाही. हे हात गेले तर माझ्यापाशी दुसरं काही नाही.

गुरम्मा

लातूर
२४ ऑक्टोबर २००१

साखरे,

नांदेडला जाऊन आले. दाजी म्हणाले, "लातुरात दाखवू नको, सगळी गल्ली रांगेत भेटंल." म्हणून तिकडच्या सरकारी दवाखान्यात.

डॉक्टर मालविका म्हणून आहेत, कातडीच्या. वयाने इतक्या लहान की मी त्यांना आधी नर्स समजले. त्यांचा भाऊ कधीतरी माझ्या मेसला जेवून गेलाय म्हणे. हे ऐकून मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी म्हटलं, "बाई, मला महारोग झालाय का ते एकदा सांगून टाका. मला लेकरांना जेवू घालायचं असतं."

त्या हसल्या नाहीत आणि दचकल्याही नाहीत. म्हणाल्या, "डोळे मिटा. कापूस लागला की सांगा."

"लागला."

"आता?"

"लागला. अहो, गुदगुल्या होऊन राहिल्या."

मग टाचणीचं टोक लावलं. मी "आई गं" केलं तशा त्या खूश झाल्या. म्हणाल्या, महारोगाचा डाग असा ओरडत नाही. तो बहुतेक वेळा फिका असतो, खाजत नाही, दुखत नाही. कापूस फिरवा की टाचणी टोचा, माणसाला पत्ता लागत नाही. त्रासच नाही म्हणून लोक वर्षानुवर्षं दाखवत नाहीत. तुमचं ते नाही. पण हे इसबही नाही आणि नायटाही नाही. मग चट्ट्याचा एक छोटा तुकडा कापून तपासायला घेतला. अर्धा इथे, अर्धा पुण्याला जाणार आहे.

ऐकलंस का? कापूस कळला मला. सगळ्या बाजूंनी कळला. तुझं ते ताट आता माझ्याकडे बोट दाखवू शकत नाही.

परत येताना नांदेडच्या स्टँडवर बसले होते. समोर उमरीची गाडी लागली. कंडक्टर "उमरी, उमरी" ओरडत होता आणि माझ्याकडेच बघत होता, जणू त्याला सगळं माहीत आहे. पिशवीत तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी होती. का नेली होती, मला विचारू नकोस. मी उठले, गाडीच्या दारापर्यंत गेले. मग मनात आलं, तू दार उघडशील आणि दोन पावलं मागे जाशील. ते मला बघवलं नसतं. चटणी लोहा गावाच्या पुढे मी आणि दाजींनी गाडीतच संपवली.

तपासणीचा निकाल यायला वेळ लागेल. तोवर मी बिनहाताची.

गुरम्मा

लातूर
२० नोव्हेंबर २००१

साखरे,

हे पत्र मास्तरांना मोठ्याने वाचायला लाव. सुनेलाही बोलाव. शेजारपाजारही चालेल.

मला झालंय ते शेवाळ आहे. हो, शेवाळ. हौदात धरतं त्याच्याच नात्यागोत्यातलं, फक्त हिरवा रंग टाकून दिलेलं. साचलेल्या पाण्यात असतं, सांडपाण्यात असतं, मातीत असतं. कुठे कातडी फाटलेली मिळाली तर क्वचित कुणाच्या अंगात शिरतं. डॉक्टरबाई म्हणाल्या की पुस्तकात वाचलं होतं, माणसात पहिल्यांदाच पाहिलं. बाहेरून ते कधी इसबासारखं दिसतं, कधी नायट्यासारखं, कधी आणखी कशासारखं. म्हणून सगळे फसले. आणि ती इसबाची ट्यूब! तिने बरं वाटत होतं ते वरवर. आत शेवाळाला पंगत वाढली जात होती. खूप दिवस गोळ्या घ्याव्या लागतील, आणि मधला भाग कापून काढावा लागेल.

बाईंनी मला ते यंत्रातून दाखवलं. तुला सांगू कसं दिसतं? सोललेल्या सीताफळासारखं. एक गोल, आत फोडीच फोडी. इतकं देखणं असेल असं वाटलं नव्हतं. अंगात शिरून वर्षभर छळलं आणि रूप बघा.

महत्त्वाचं आता वाच. हे माणसाकडून माणसाला होत नाही. शिवल्याने नाही, एका ताटात जेवल्याने नाही, भाकरीने नाही. जखम झाकून ठेवायची आणि स्वयंपाक करायचा, असं बाईंनी मला स्वतः सांगितलं. मी घरी येऊन पोरांसमोर जशाच्या तसं सांगितलं. पोरं म्हणाली, "काकू, शेवाळ पुस्तकात हाय, पण असलं न्हाई." एकाने विचारलं, "हे सीईटीला येतंय का?" मी म्हटलं, आलं तर पहिला मार्क माझा. त्या दिवशी मी परातीत पीठ घेतलं. पट्टी बांधलेली, बाही वर केलेली, आणि सगळ्यांच्या देखत भाकरी थापल्या. पोरं जेवली. नकाशे बंद झाले म्हणून दाजींनाही बरं वाटलं.

हौद घासून घेतला. आता दर नळाला घासते.

साखरे, आता तरी बोल. विश्वास नसेल तर कापूस घेऊन ये आणि स्वतः तपास. डोळे मी मिटते.

गुरम्मा

उमरी
२८ नोव्हेंबर २००१

अक्का,

तुझी सगळी पत्रं मिळाली. मास्तर शाळेत गेले की वाचते.

तू लिहिलंस कापूस घेऊन ये. कापूस मी कवाच घेतला होता. नांदेडहून आल्यावर तू पत्र लिहिलंस ना, ते आलं त्याच दुपारी. वाती वळायचा देवाचा कापूस. माझ्या दंडावर एक डाग हाय. तीन वर्षं झाली. फिका. खाजत न्हाई, दुखत न्हाई. म्हणून त्या बाह्या. डोळे मिटले आन् कापूस फिरवला. मला काही कळलं न्हाई. मग सुई घेतली. डोळे उघडले तवा रक्ताचा थेंब दिसला, सुई कळली न्हाई.

पंचमीला मी तुझ्या कोपराकडं बघितलं बी नव्हतं, अक्का. खरं सांगते. चट्टा हाय हे तुझ्या पत्रातून कळलं. मला माझंच पडलं होतं. तुझ्या ताटात लोकांची लेकरं जेवतात, म्हणून माझं ताट मी आणलं. हात मागं घेतला तो तुझं मला लागंल म्हणून न्हाई. माझं तुला लागंल म्हणून. घरात बी मी त्याच ताटात जेवते. पेला तुझ्याकडं राहिला तवा धसकाच घेतला, कुणी चुकून तोंडाला लावंल म्हणून. पण फोनवर सांगू काय?

तुझी पोरं माझ्यामुळं उठून गेली हे वाचलं तवा जीव लई तुटला. सुनेला वाटतं मला नातू नकोसा झालाय. वर्ष झालं, मांडीवर घेतला न्हाई. तो येतो, पदर ओढतो, मी उठून जाते. मास्तर बाहेरच्या खोलीत झोपतात, मी सांगितलं की मला आता जपात राहायचं हाय.

आत्याची वेणी मी घालायची, हे तुला बी ठाऊक न्हाई. अज्जी मारताना म्हणाली होती, आज ना उद्या तुला होणारच. जलमभर त्या उद्याची वाट बघून राहिले.

संक्रांतीनंतर मठात जाऊन राहीन असं मास्तरांना सांगणार हाय. तिकडं सेवा करीन, कुणाच्या मधी येणार न्हाई. आपल्या आत्याला आखाडा होता, मला मठ.

तुला एकटीलाच सांगितलं. तू बी बांधावर थांबलीस तर मला राग येणार न्हाई.

साखरा

लातूर
१ डिसेंबर २००१

साखरे,

पंगतीच्या वेळी पत्र आलं. वाढायचं सोडून हौदाच्या काठावर बसले आणि ढसाढसा रडले. पोरांना वाटलं माझं कोपर दुखतंय. एकजण पाणी घेऊन आला.

मठबीठ काही नाही. संक्रांतीपर्यंत थांबायचंही नाही. येत्या गुरुवारी मालविकाबाईंची कातडीची तपासणी असते. मला तशीही पट्टीसाठी जायचं आहे. मास्तरांना सांग, अक्काच्या जखमेची पट्टी आहे, सोबतीला जाते. खोटं नाही. पुढचं काय सांगायचं ते आपण दोघी ठरवू.

मी नांदेडच्या स्टँडवर रसवंतीजवळच्या बाकावर बसलेली असेन. तू उमरीच्या गाडीतून उतरशील तेव्हा मी तुझा हात धरणार आहे. या वेळी मागे घेतलास तर भर स्टँडवर भांडेन, आणि मी भांडायला लागले की काय होतं ते तुला माहीत आहे.

बांधावर मी लहानपणी पुष्कळ थांबले. आता गुडघे दुखतात, उभं राहवत नाही.

ये.

अक्का

लातूर
५ ऑगस्ट २००२

साखरे,

काल फोनवर तूच बोललीस. पहिल्या घंटीला. मी इतकी गडबडले की काय सांगायला फोन केला होता तेच विसरले. म्हणून पुन्हा पत्र.

आधी माझं. गुरुवारी मालविकाबाईंनी पाहिलं. कापलेली जागा सपाट झाली आहे. गोळ्या अजून थोडे दिवस. कोपरावर आता दोन वण आहेत, एक भूकंपाचा आणि एक शेवाळाचा. दाजी म्हणतात, दोन्ही लातूरनेच दिलेत, आता घरपट्टीत सूट मागू. मी म्हटलं, तुमच्या भाकरीचा वण मनावर आहे, त्याची पण मागा.

बाई तुझी आठवण काढत होत्या. तुला आठवतं, डिसेंबरातल्या त्या गुरुवारी तुझ्या दंडावर कापूस फिरवून झाल्यावर तू काय विचारलंस? "बाई, मी कुठं राहू आता?" आणि त्या म्हणाल्या, "घरी. आणखी कुठं?" मग ड्रॉवरमधून गोळ्यांचं पाकीट काढलं. सरकारी, फुकट. पहिल्या गोळ्या त्यांच्यासमोर घ्यायला लावल्या. म्हणाल्या, सहा महिने, महिन्याला एक पाकीट, आणि आजच्या गोळ्यांनंतर कुणाला लागण्याची काळजी विसरून जा. तुमची बहीण मात्र जास्त दिवस खाईल, तिचा पाहुणा नखरेल आहे. तू माझ्याकडे पाहिलंस आणि तुला हसू फुटलं. वर्षभराने हसलीस, साखरे. ज्याला जग घाबरतं तो रोग सहा पाकिटांत बरा झाला आणि माझं सीताफळ अजून औषध खातंय.

मी त्या दिवसापासून आत्याचा विचार करते. तिच्या वेळी ही पाकिटं नव्हती, हे खरं. पण तिला नक्की काय झालं होतं, तेही कुणी विचारलं नाही. तो रोग होता की इसब होतं की माझ्यासारखं आणखी काही, कुणास ठाऊक. कुणी तिला डोळे मिटायला लावून कापूस फिरवला नाही. तिला ताट मिळालं, वेणी घालायला एक तूच मिळालीस. बरं झालं तू गेलीस तिच्याकडे. अज्जीने मारलं ते चूक होतं, हे तुला कुणीतरी मोठ्या माणसाने सांगायला हवं होतं. आता मीच घरातली मोठी, म्हणून मी सांगते.

मास्तरांचं मला हसूही येतं आणि वाईटही वाटतं. तू सगळं सांगितलंस तेव्हा ते म्हणे एवढंच बोलले, "मला वाटलं माझंच काही चुकलं." आणि गादी उचलून आत आणली. शिकलेला माणूस, वर्षभर बाहेरच्या खोलीत चूक शोधत पडला होता. आणि सूनबाईचं पत्र आलं होतं मला. लिहिते, "आई आता बाळाला खाली ठेवतच न्हाईत, त्याला चालायचं विसरायला होईल." सांभाळ तिला, मनाची स्वच्छ आहे.

पंगत पुन्हा भरली. नवी अकरावीची पोरं आली आहेत, घरची आठवण काढून पहिले आठ दिवस रडतात आणि मग भाकरी मागून घेतात. मुरुडच्या बाई धाकट्या लेकाला घेऊन आल्या होत्या. उंबऱ्यात घुटमळल्या. मी त्यांना काही बोलायचं ठरवून ठेवलं होतं, चांगलं धारदार. पण त्यांनी चपला काढल्या, आत आल्या, आणि माझ्या हातची भाकरी घेऊन लेकाशेजारी जेवायला बसल्या. धारदार ते तसंच राहून गेलं.

उद्याच्या मंगळवारी नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारी पंचमी. दिंड उकडीन. मेंदी सोमवारीच भिजवते, म्हणजे रंग चढेल. बाह्या आखूड शिवून घे, उकाडा आहे. नातवाला आण, पोरं त्याला खांद्यावर घेऊन गल्ली फिरवतील.

आणि तुझ्या पेल्याबद्दल. चार महिने फडताळात पालथा होता. त्या गुरुवारी नांदेडहून घरी आल्यावर मी तो काढला, विसळला आणि पाणी प्यायले. तेव्हापासून रोज त्यातच पिते. माझ्या हाताला तो बसला आहे, त्यामुळे तो आता परत मिळेल अशी आशा ठेवू नकोस.

येताना ताट आणू नकोस.

अक्का